नाव बदललं, बोट नाही

"उभी राहा बरं जरा. ही बघा, ही आमची इन्फॉर्मंट."

मॅडम असं म्हणाल्या आणि मी उभी राहिले.

विभागाचा सेमिनार हॉल. पहिल्या रांगेत परदेशातून आलेले दोन पाहुणे, त्यांच्या शेजारी आमच्याच विभागातले चार प्राध्यापक. मागे एम.ए.ची तीसेक मुलं. त्या मुलांची ट्युटोरियल्स मी घ्यायची, त्यांचे पेपर मी तपासायची. ती मला मॅम म्हणायची. त्यांच्यासमोर मी उभी राहिले, हातात पाहुण्यांना वाटायच्या कागदांचा गठ्ठा घेऊन.

मी मॅडमच्या प्रकल्पावर संशोधन सहायक होते. पीएचडीही त्यांच्याकडेच करत होते, तिसरं वर्ष चालू होतं. पडद्यावर दिसत होता तो तक्ता मी केलेला. त्याच्या खालची चौदा बायकांची बोलणी मी टिपलेली. मॅडमनी तक्ता दाखवला. मग मला दाखवलं.

पाहुण्या बाईंनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. मॅडम माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "त्या विचारतायत, तुझ्या घरी नळ कधी आला?"

मला इंग्रजी कळत होतं. मॅडमना ते माहीत होतं. त्यांचे निम्मे अहवाल मी इंग्रजीत लिहिले होते.

मी इंग्रजीतूनच उत्तर दिलं. मी दहावीत असताना आला, म्हणाले. टाळ्या वाजल्या. नळाला वाजल्या की इंग्रजीला, कळलं नाही.

एक सर शेजारच्यांना म्हणाले, "हिच्या बोलण्यावरून अजिबात कळत नाही हो."

काय कळत नाही, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं.

"थँक यू," मी म्हणाले. हेच आज सगळ्यात जास्त झोंबतं. मी थँक यू म्हणाले. बसले. मग मॅडमनी मान वळवून हळूच सांगितलं, "चहाचं बघतेस ना?" आणि मी चहाचं बघायला गेले.

इन्फॉर्मंट म्हणजे माहिती देणारा माणूस. ज्याच्यावर अभ्यास करायचा तो. अभ्यास करणारा वेगळा. हा फरक एम.ए.च्या पहिल्या वर्षी शिकवतात. त्या वर्षी तो मीच शिकवला होता.

आमचं घर पुण्याजवळ, मांजरी गावात. उसाची शेतं आणि नव्या सोसायट्यांचे मनोरे यांच्या मधल्या वस्तीत. वस्तीत बहुतेक सगळी बौद्ध घरं. वडील मी अकरावीत असताना गेले. आई आधी उसाच्या फडात जायची, आता एका नर्सरीत रोपांच्या पिशव्या भरते. वस्तीतून विद्यापीठात पोचलेली मी पहिली. पहिली असणं फार वाईट. पहिलीला प्रत्येक गोष्टीचं अप्रूप वाटतं. स्वतःच्या अपमानाचंसुद्धा.

मॅडम वाईट नव्हत्या. हे मी त्यांची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. वाईट असत्या तर मला लवकर कळलं असतं. त्यांनी मला पुस्तकं दिली. मला ताप आला तेव्हा स्वतःच्या गाडीतून घरी सोडलं. भाषणात त्या 'आपल्या समाजरचनेची लाज वाटते' असं म्हणायच्या, तेव्हा त्यांचा आवाज खरोखर जड व्हायचा. त्यांचा प्रकल्प होता सोसायट्यांमध्ये घरकाम करणाऱ्या बायकांवर. त्यावर त्यांचं पुस्तक येणार होतं.

प्रकल्पावर आम्ही दोघी होतो. मी आणि सानिका. सानिका सदाशिव पेठेतली, हुशार, मनाने सरळ. पहिल्याच बैठकीत मॅडमनी कामं वाटली. "तुझं फील्ड उत्तम आहे. सानिकाची भाषा उत्तम आहे." म्हणजे मी वस्तीत जाऊन बायकांशी बोलायचं, ध्वनिमुद्रण करायचं, उतरवून काढायचं. सानिकाने मॅडमबरोबर बसून लेख लिहायचा. लेखावर नावं दोघींची, मॅडमचं आणि सानिकाचं. माझं नाव तळटीपेत. 'क्षेत्रकार्यातील मदतीबद्दल आभार.'

मला तेही पुरेसं वाटलं होतं. तो लेख मी आईला दाखवला होता. तळटीपेवर बोट ठेवून.

आता शालनमावशी.

मावशी आमच्या घरापासून चौथ्या घरात राहते. आईची मैत्रीण. नवरा नाही, मुलगी सासरी. हाताला चव अशी की वस्तीतल्या प्रत्येक लग्नात आमटी तिनेच करायची. डाव्या हाताची करंगळी नाही. तरुणपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली.

मावशी जवळच्या एका मोठ्या सोसायटीत चार घरी स्वयंपाक करायची. झाडूपोछा नाही, स्वयंपाक. वस्तीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. कारण आमच्यातल्या बाईला तिथे लादी पुसायला ठेवतात. कणकेला हात लावू देत नाहीत.

मुलाखत घ्यायला मी तिच्या उंबऱ्यात बसले. आधी संमतीपत्र वाचून दाखवलं, जसं प्रत्येकीला दाखवायची तसं भरभर. तिने सही केली. तासभर बोलली. मग म्हणाली, "ते यंत्र बंद कर."

मी बंद केलं.

"आडनाव इचारलं त्यांनी. खरं दडवून मी म्हनलं जाधव. जाधव समद्यांत असत्यात. त्यांनी म्होरचं इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. नऊ वर्सं झाली. गौरीचा निवद मी करती त्यांचा. पुरनपोळ्या, सोळा भाज्या, समदं."

मग म्हणाली, "परवा गेटावर आपली सुलाबाई भेटली, झाडू मारती ती. मला म्हनाली, जयभीम वैनी. माज्या बाईसाहेब संगं हुत्या. मी खाली बघितलं आन् तशीच फुडं गेले. तिला जयभीम बी केला न्हाई मी. माझ्याच मानसाला."

आणि रडली. तोंडात पदर धरून. मी तिला पाणी दिलं.

"हे लिवू नकोस बरं का," ती म्हणाली.

"नाही लिहीत," मी म्हणाले.

घरी गेले आणि लिहिलं.

हा माझा गुन्हा. इथे दुसऱ्या कुणाचं नाव घ्यायचं नाही. मी फील्डच्या डायरीत सगळं लिहिलं, तिच्या शब्दांत, रडण्यासकट, निवदासकट. समासात लाल पेनाने लिहिलं, 'वापरू नये'. आणि ती डायरी मॅडमकडे दिली. कारण डायरी दर महिन्याला द्यायची असायची. आणि कारण मला माहीत होतं, मॅडमना हे आवडेल. मॅडमनी पानं चाळली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "किती रिच आहे गं हे!" मी दिवसभर त्या एका वाक्यावर चालत होते.

सेमिनारनंतर तीन आठवड्यांनी एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत मॅडमचा लेख आला. अर्धं पान. मी तो वाचनालयात सोमवारी दुपारी पाहिला. सुंदर लिहिला होता. मावशीचं नाव बदलून सुमन केलं होतं. मांजरीतली सोसायटी. नऊ वर्षं. गौरीचा नैवेद्य. गेटवरचा न दिलेला जयभीम. आणि शेवटच्या परिच्छेदात हे वाक्य: 'करंगळी नसलेल्या त्या डाव्या हाताने सुमन आपल्या संस्कृतीचं ताट वाढते आहे.'

नाव बदललं होतं. बोट बदललं नव्हतं.

मी धावत बस पकडली. वस्तीत पोचले तेव्हा ऊन होतं. मावशी या वेळी कामावर असते. ती घरासमोर बसली होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून. आई तिच्या शेजारी.

आईनेच सांगितलं. सकाळी मावशी कामावर गेली. बाईसाहेबांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "मावशी, हात दाखवा." मावशीला वाटलं, हात धुतलेत का बघतायत. तिने दोन्ही हात पुढे केले. बाईसाहेबांनी हात बघितले, मग टेबलावरचा रविवारचा पेपर. आत वळून सासूला म्हणाल्या, "तीच आहे."

सासू बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "नऊ वर्षं आमच्या देवांना बाटवलंस गं."

नंतर देवाची भांडी बाहेर काढल्याचा आवाज मावशीने लिफ्टपाशी ऐकला. खाली गेटवर येईपर्यंत रखवालदाराने मोबाईल दाखवला. सोसायटीच्या अ‍ॅपमधून आत सोडायच्या बायकांच्या यादीतलं तिचं नाव गेलं होतं. एका घरातून नाही. चारही घरांतून.

मावशीने माझ्याकडे बघितलं. "तू लिवलंस?"

मी लिहिलं नाही, मॅडमनी लिहिलं, असं म्हणता आलं असतं. तेच तोंडावर आलं होतं.

"हो," मी म्हणाले. "मी लिहिलं."

ती उठून घरात गेली. दार लावलं नाही, फक्त आत गेली. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. आमच्या घरात दोघीच. दोन दिवस म्हणजे फार.

शनिवारी मी मॅडमच्या घरी गेले. दर शनिवारी जायचीच. कर्वेनगरला, दोन बस बदलून, पुस्तकाच्या संदर्भसूचीचं काम करायला. बाल्कनीत कुंड्या, वेताच्या खुर्च्या. मॅडम खुशीत होत्या. लेखावर खूप फोन आले होते.

मी उभ्यानेच सांगितलं. हात दाखवायला लावल्याचं. भांड्यांचं. अ‍ॅपचं.

मॅडमचा चेहरा खरंच उतरला. "अरे देवा," त्या म्हणाल्या. कुंडीतलं एक पिवळं पान खुडलं. मग म्हणाल्या, "पण बघ ना, किती भयंकर आहेत ही माणसं. हे पुस्तकात यायलाच हवं. शेवटचं प्रकरण म्हणून."

मला आधी कळलंच नाही.

"मॅडम, मी समासात लिहिलं होतं. वापरू नये म्हणून."

"नाव कुठे दिलंय आपण?"

"बोट दिलंय."

"अगं, तपशिलाशिवाय लेखन उभं राहत नाही."

"त्यांचं काम गेलं."

"मला वाईट वाटतंय. पण आपण संशोधन करतो. समाजसेवा नाही." मग त्या जराशा हसल्या, पुण्यात हसतात तसं, ओठांच्या एकाच कोपऱ्यातून. "आणि डायरी तूच दिलीस ना? आता एवढी ध्वनिमुद्रणंही सोमवारी विभागात जमा कर. मूळ प्रती. म्हणजे तुझ्यावरचा भार कमी."

मी खाली आले. बसस्टॉपवर तीन बस सोडल्या. राग मॅडमचा येत नव्हता. सेमिनारमधली मी आठवत होते. इन्फॉर्मंट म्हटल्यावर उभी राहिलेली. मला वाटलं होतं, तो शब्द त्यांनी चुकून वापरला. चुकून नव्हता. माझ्या वस्तीचं बोलणं मी त्यांच्या टेबलावर नेऊन टाकत होते, महिन्याच्या महिन्याला, शाबासकीसाठी. दुसरं काय नाव आहे त्या कामाला?

घरी जाऊन मी संमतीपत्रांचा गठ्ठा काढला. चौदा उंबऱ्यांवर मी तो कागद वाचला होता, पाढे म्हणावेत तसा. पहिल्यांदाच नीट वाचला. शेवटून दुसरं कलम. 'सहभागी व्यक्ती कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, आपला सहभाग मागे घेऊ शकते. तसे केल्यास तिने दिलेली माहिती नष्ट केली जाईल.'

खाली मॅडमची सही.

मी सानिकाला फोन केला. बायकांना हे कलम वाचून दाखवणार आहे, म्हणाले. ती म्हणाली, "तुझ्या थिसिसचा डेटाही तोच आहे. तीन वर्षं जातील. तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेयस."

"माहितीये."

"मॅडम पुन्हा घेणार नाहीत तुला."

"तेही माहितीये."

"मग?"

मी फोन ठेवला आणि मावशीच्या घरी गेले. कलम वाचून दाखवलं. या वेळी हळू. एकेक शब्द.

मावशीने सगळं ऐकलं. म्हणाली, "म्हंजी मी न्हाई म्हनलं, तर पुस्तकातनं काढावं लागंल?"

"हो."

"आदी का न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुला ऐकू जाईल असं नाही सांगितलं."

विहारात बायका जमल्या. मी चौदाजणींना सगळं सांगितलं, माझ्या डायरीसकट. एकदोघी मला काय वाट्टेल ते बोलल्या. बोलू दिलं. तिघी नको म्हणाल्या. एकीने तोंडावर सांगितलं, "तुला शिकायचंय, आमाला जगायचंय. आमाला यात घालू नगंस." तिचं चूक नव्हतं. अकराजणींनी अर्ज दिले. सहा सह्या, पाच अंगठे.

आम्ही एका बुधवारी विभागात गेलो. सगळ्यांनी खाडा केला होता. रखवालदाराने अडवलं. "कुणाला भेटायचंय?"

मावशी म्हणाली, "आमच्या पुस्तकाला."

विभागप्रमुखांच्या खोलीत खुर्च्या चार होत्या. ते उठून म्हणाले, "बसा मावशी, बसा." कुणीच बसलं नाही. मॅडमना बोलावलं. त्या आल्या, सगळ्यांना नमस्कार केला, आवाज मऊ. "अहो, तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं. तुमचं दुःख जगाला कळावं म्हणून."

मावशीने अर्ज टेबलावर ठेवला. मग डावा हात ठेवला, पसरून, त्या अर्जावर.

"माजं दुःख मला ठावं हाय. जगाला कळलं, आन् माजी चार घरं गेली. आमचं समदं परत द्या."

विभागप्रमुख माझ्याकडे वळले. "हे तुम्ही घडवून आणलंत?"

"मी कलम वाचून दाखवलं, सर."

"तुम्ही संशोधक आहात की यांच्यातल्या?"

मी म्हणाले, "दोन्ही."

विभागप्रमुखांनी कलम वाचलं, खालची मॅडमची सही बघितली. अर्ज घेतले.

त्याच दुपारी, सगळ्यांसमोर, मी अकरा ध्वनिमुद्रणं पुसली. दर मुद्रण पुसायच्या आधी ज्या बाईचं होतं तिला विचारलं. शेवटचं मावशीचं. बटण तिनेच दाबलं. माझ्या प्रबंधाची तीन प्रकरणं गेली. मॅडमकडून परत घेतलेल्या डायरीतली तिची पानं मी फाडून तिच्या हातात दिली. तिने ती वाचली नाहीत. पिशवीत घातली.

पुस्तक थांबलं. मॅडमनी माझं मार्गदर्शन सोडलं. कारण लेखी दिलं: 'विद्यार्थिनीमध्ये संशोधकास आवश्यक ती तटस्थता नाही. भावनिक गुंतवणूक अधिक.' सहायकाचं काम गेलं. एम.ए.ची मुलं कॉरिडॉरमध्ये दिसतात. काही बघतात, काही बघत नाहीत. नवा मार्गदर्शक शोधायला पाच महिने लागले. दोघांनी सरळ नाही म्हटलं. तिसऱ्या म्हणाल्या, "घेते, पण मॅडमशी माझे चांगले संबंध आहेत. सभ्यपणे राहायचं." मी मानलं तेवढं.

मावशी आता दुसरीकडे कात्रजला एका मंगल कार्यालयात भांडी घासते. स्वयंपाक नाही. पहाटे निघते, जाऊनयेऊन चार तास. तिथे तिने आडनाव खरं सांगितलं. मी एकदा विचारलं, अजून रागावलीयेस का माझ्यावर.

"राग न्हाई आसं म्हननार न्हाई," ती म्हणाली. "हाय राग. ऱ्हाऊ दे तुला."

राहू दिलाय.

मी नवा विषय नोंदवायला दिला. आमच्या वस्तीत आता मी यंत्र घेऊन जाणार नाही. आमच्या बायकांनी पुष्कळ सांगून झालं. मला त्या चार घरांची दारं वाजवायची आहेत. तशा चारशे घरांची. दार उघडणाऱ्या बाईसाहेबांना, आतून बोलणाऱ्या सासूबाईंना, सोसायटीच्या अध्यक्षांना, आणि हो, कर्वेनगरातल्या बाल्कन्यांनासुद्धा विचारायचंय: स्वयंपाकाला बाई ठेवताना तुम्ही आडनाव का विचारता? ते ऐकून नेमकं काय ठरवता? संमतीपत्र मी हळू वाचीन. त्यांनाही माघारीचा हक्क असेल, आमच्याएवढाच. पण प्रश्न मी विचारीन.

समितीपुढे विषय गेला. एका सदस्यांनी विचारलं, "अशा घरांमध्ये तुम्हाला प्रवेश कोण देईल?"

मी म्हणाले, "कोण देत नाही, तेही लिहीन."

विषय परत आला. शेरा होता, 'पूर्वग्रहदूषित. पुनर्विचार करावा.' मी पुनर्विचार केला. तोच विषय, त्याच शब्दांत, पुन्हा दिला. पुन्हा परत आला. काल तिसऱ्यांदा दिला. काना-मात्रा बदलली नाही. कार्यालयाच्या खिडकीतल्या बाई वैतागून म्हणाल्या, "अहो, किती वेळा देणार आहात?"

"तुम्ही घ्याल तोवर," मी म्हणाले आणि पोच मागून घेतली.